तळहाताएवढा कंदील

खांबाचा शेवटचा टाका घालून सुहासिनीबाईंनी दोरा ओढला आणि कंदिलाचं तोंड मिटून गोल झालं. क्रोशाने विणलेला, तळहाताएवढा आकाशकंदील. खाली शेपट्या सोडायच्या, वर टांगायला साखळी विणायची, की झालं.

"छान जमलाय," समोरच्या खुर्चीतून श्यामकांत म्हणाले.

"आणि लाल रंग?"

"लाल खुलतोच दिवाळीला."

त्या हसल्या. नवऱ्याचा शब्द पुरे होता. वर्षभरात त्यांच्या डोळ्यांचं काहीतरी विचित्रच होऊन बसलं होतं. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जाई, कडेकडेचं तेवढं उरे. मुलुंडच्या या बाल्कनीतून पूर्वी डोंगरावरचं एकेक झाड वेगळं दिसायचं. आता तिथे नुसता हिरवट धूर होता. संध्याकाळी समोरच्या इमारतीत दिवे लागले की ते पाण्यात पडल्यासारखे हलत, फुटत, एकमेकांत मिसळून जात. कधी कधी ते इतकं सुंदर दिसे की घाबरायचंच राहून जाई.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आधी मुलाचं, देवव्रतचं, लग्न तोंडावर आलं होतं. मांडवात आपल्या डोळ्यांची चर्चा कशाला? मग लग्न झालं आणि घरात सून आली. आल्या आल्या तिच्या गळ्यात आंधळी सासू घालायची? आज नको, उद्या सांगू, असं म्हणता म्हणता दिवाळी आली. चहा सांडला तर हात थरथरला म्हणायचं. पेपर वाचला नाही तर कंटाळा आला म्हणायचं. श्यामकांत कधी खोलात शिरत नसत. सून, गंधाली, दारातून आत आली की पावलांवरून कळे, नाहीतर तिच्या मोगऱ्याच्या अत्तरावरून.

क्रोशा मात्र डोळे मागत नव्हता. करंगळीला दोरा गुंडाळायचा, सुई घालायची, ओढायची. साखळी, खांब, पुन्हा साखळी. विणता विणता त्यांना वाटे, आपण कुठेतरी खोल पाण्यात बसलोय आणि हात तेवढे वर उजेडात आहेत. हे छोटे हात आपले नाहीतच, लहानपणी विणायला शिकलेल्या कुठल्याशा मुलीचे आहेत आणि तिला सगळं स्वच्छ दिसतंय.

कंदील गंधालीसाठी होता. या घरातली तिची पहिली दिवाळी. गाडीत लावील, नाहीतर ऑफिसातल्या टेबलावर.

शेपट्या सोडून साखळी विणून होते तोच कुलूप उघडल्याचा आवाज आला. मागोमाग मोगरा.

"आई, अंधारात काय करताय? दिवा तरी लावायचा ना!"

"हे घे. तुझ्यासाठी आहे." त्यांनी कंदील पुढे धरला. "तुझा लग्नातला शालू लाल होता ना, म्हणून मुद्दाम लाल घेतला."

गंधालीने तो हातात घेतला. दिव्याचं बटण वाजलं. मग तिची पावलं दिव्याखालीच थबकली.

श्यामकांत खोकले. खोकला नसताना खोकले.

"आवडला नाही का गं?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

"आवडला. किती बारीक विणलाय! पण आई…" तिचा आवाज अडखळला. "हा काळा आहे."

"गंधाली!" श्यामकांत एकदम ओरडले.

"नाही बाबा, आता मी गप्प नाही बसणार. परवा गॅस चालूच राहिला होता. तुम्ही गुपचूप जाऊन बंद केलात, मी बघितलं. आईंसमोर तुम्ही काही बोलत नाही, तुमच्यासमोर मी बोलत नाही. आणि एक दिवस काहीतरी होऊन बसलं, म्हणजे?" ती रडायला लागली होती.

सुहासिनीबाई हातातली सुई चाचपत राहिल्या. काळा. शेजारणीच्या नातवाच्या बोरन्हाणाला झबलं विणलं होतं, त्यातला उरलेला गुंडा असणार. म्हणजे दिवाळीचा कंदील त्या दिवसभर काळ्या दोऱ्याने विणत होत्या, आणि समोर बसून हा माणूस बघत होता.

"अहो, तुम्ही तर लाल म्हणालात."

"तू लाल म्हणालीस," श्यामकांतांचा आवाज अगदी खाली गेला होता. "तुला तो लाल दिसत होता. मी कुठल्या तोंडाने काळा म्हणू?"

खाली कुणाच्या तरी घरी चकल्या तळत होत्या, त्याचा वास वर बाल्कनीत येत होता. सुहासिनीबाईंना वाटलं होतं, हा क्षण आला की आपण कोसळू. तसं काही झालं नाही. उलट, फार वेळ दाबून धरलेला श्वास सुटावा तसं अंग हलकं झालं. समोरचे दिवे पुन्हा पाण्यात पडल्यासारखे हलायला लागले, पण हे पाणी त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतलं होतं.

"अशी समोर उभी राहू नकोस," त्या गंधालीला म्हणाल्या. "इथे माझ्या बाजूला बस. कडेने मला अजून थोडं दिसतं."

गंधाली येऊन त्यांच्या डाव्या हाताला बसली. सुहासिनीबाईंनी तिच्याकडे मान वळवली नाही. नजर सरळ समोर, डोंगराच्या अंधारात ठेवून त्या म्हणाल्या,

"लग्न होऊन घरात आलीस तेव्हापासून, तुझा चेहरा मी एकदाही पाहिलेला नाही गं."