बिबट्याचा कॅमेरा

“आली पाहा महाराणी!” गिरजाबाई म्हणाली, आणि जमलेले सगळे हसले.

लॅपटॉपच्या पडद्यावर मांजर होती. वनरक्षक चंदाने बटण दाबलं. पुन्हा मांजरच, शेपूट वर आणि बूड कॅमेऱ्याकडे.

पंधरा दिवसांपूर्वी बिबट्याने सुकलूची शेळी उचलली. तेव्हा गिरजाबाई आणि तिची शेजारीण रुखमा यांच्या घरांमधल्या बोळीत, मोहाच्या झाडाला चंदाने, समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा हा कॅमेरा बांधला होता. आज तो काढला होता. गिरजाबाईच्या अंगणात बाजेवर लॅपटॉप होता, आणि बिबट्या अजून येतो का हे पाहायला भोवती अर्धी वस्ती होती.

“एवढं निकम्मं जनावर दुसरं नसन,” गिरजाबाईला आता रंग चढला. “धानाच्या पोत्यावर झोपते, अन् खाली उंदीर पोतं कुरतडते. उठवलं त मलेच गुरगुरते, जसा घराचा सातबारा तिच्या नावानं आहे! दूध कोमट लागते बाईले. थंड दिलं त वाटीत पाय टाकून उलटवते.”

रुखमा हसली नाही. तिची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. रुखमाचा नवरा पहाटे तलावातून मासे धरून आणायचा, आणि त्यातली मोठी मरळ रुखमा मुलीसाठी घमेल्यात बाजूला ठेवायची. आठ दिवसांत चार मरळी गेल्या होत्या. त्यापायी सुकलूच्या कुत्र्याने दोनदा काठीचा मार खाल्ला होता. रोज सकाळी रुखमा बोळीत उभी राहून चोराच्या नावाने बोटं मोडायची, आणि गिरजाबाई आपल्या दारातून तिला साथ द्यायची.

पुढचा फोटो आला. मांजर, आणि तिच्या तोंडात मरळ.

“सापडली चोट्टी!” रुखमा ओरडली. “गिरजाबाई, तुहीच मांजर!”

“मी काय सांगून राह्यली होती? पोत्यात घाला अन् नदीपल्याड सोडा तिले!” गिरजाबाई म्हणाली. तेवढ्यात फोटोखालचा वार आणि वेळ तिने वाचली. मंगळवार, सकाळचे पाच बेचाळीस.

ती बाजेपासून एक पाऊल मागे सरली.

कॅमेरा बांधताना चंदाने बजावलं होतं, “हा बिबट्याचा कॅमेरा आहे, कोणी हात लावायचा नाही.” गिरजाबाईने हात लावला नव्हता. बिबट्याचा कॅमेरा बिबट्याचेच फोटो काढणार, हे तिने मनाशी पक्कं धरलं होतं. मघाशी पडद्यावर मांजर दिसली तरी ती डगमगली नव्हती. मांजर बिबट्याच्याच नात्यातली, तेवढी चूक कॅमेऱ्याची झाली असेल, असं तिला वाटलं होतं.

“मॅडम, पह्यले चहा घ्या ना,” ती घाईने म्हणाली. “बिबट नाई दिसला ना? मंग करा बंद. कायले बॅटरी जाळता?”

“सगळे पाहावे लागतात, बाई. वरून तसं सांगितलंय,” चंदा म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

गिरजाबाईचं मागचं दार. उंबऱ्यावर मरळ, बाजूला मांजर.

बटण. दार उघडलेलं. मरळीवर वाकलेली गिरजाबाई.

सगळ्यांचे डोळे पडद्यावरून गिरजाबाईकडे वळले.

“तिच्यापासून सोडवून घेत होती मी,” गिरजाबाई म्हणाली. “तुलेच द्यायले, रुखमा.”

“मंग दिली काऊन नाई?”

बटण. गिरजाबाई डावीकडे पाहते आहे. बटण. उजवीकडे पाहते आहे. बटण. मरळ पदराखाली, गिरजाबाई पाठमोरी, आणि तिच्यामागे शेपूट उभारून मांजर घरात शिरते आहे. पुढच्या फोटोत मांजर एकटीच दाराबाहेर होती. तिच्यासमोर मरळीचं कापलेलं डोकं होतं.

गिरजाबाईचा नवरा सोमाजी इतका वेळ भिंतीला टेकून बसला होता.

“मंगळवारी त तू मले म्हणे बजारातली आहे,” तो म्हणाला. “मी म्हटलं बी, मंगळवारी कुठचा आला बजार?”

“तुमी चूप बसा!”

चंदा बटण दाबत राहिली. गुरुवार झाला. शुक्रवार झाला. तीच मांजर, तोच पदर. रविवारच्या फोटोत मांजर नव्हतीच. गिरजाबाई एकटी दारात उभी होती, एका हातात विळी, दुसरा कमरेवर, आणि डोळे बोळीकडे लावलेले. मांजरीला उशीर झाला होता.

मागून कोणीतरी फस्सकन हसलं. मग दुसरं कोणी. सुकलूने आपल्या कुत्र्याला जवळ ओढलं आणि तो त्याचे कान चोळत राहिला. गिरजाबाईने पदर नीट केला, तो पुन्हा नीट केला, आणि चहाचं आधण ठेवायला उठल्यासारखी उठून तिथेच उभी राहिली. कुडावर मांजर पाय ताणून पोट चाटत होती. तिने एकदाही खाली पाहिलं नाही.

चंदाने लॅपटॉप मिटला आणि रजिस्टर उघडलं.

“बिबट आढळला नाही,” ती लिहिता लिहिता म्हणाली. “इतर प्राणी... मांजर.” तिने पेन थांबवलं. “किती लिहू?”

रुखमा गिरजाबाईकडे पाहत होती.

“दोन लिहा, मॅडम.”