मागच्या चाकांचं माप

टायरवाल्याने मागच्या चाकाशी उकिडवं बसून विजेरी लावली आणि टायरच्या कडेवरचे, तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे वाचले. "सात वर्षं झाली, साहेब. तुमच्या नियमाने वर्षभर उशीरच झाला."

"उशीरच," बाबा म्हणाले.

मुलगी जरा चपापली. बाबांच्या हातून टायरला उशीर? नक्षी कितीही कोरी दिसो, सहा वर्षांनी टायर उतरवायचा, हा त्यांचा दंडक. कंपनीने ठरवलेल्या मापापासून केसभरही हलायचं नाही, हा दुसरा. स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस ते तीनदा विसरले होते, पण टायरची तारीख कधीच नाही.

गाडी बावीस वर्षांची. दोन दारांची, बुटकी, पिवळी, मागची चाकं पुढच्यांहून रुंद, आणि अजूनही सुटली की मागच्याला धूळ चारणारी. बाबांनी उभी हयात कारखान्यात नव्या गाड्यांची चाचणी घेण्यात घालवली आणि निवृत्तीनंतर ही एक जुनी हौसेने घेतली. दर रविवारी सकाळी बापलेक टेकडीच्या रस्त्याने तलावापर्यंत जाऊन यायची.

गेले काही महिने मात्र मुलगी दर रविवारी जीव मुठीत धरून बसत होती. वळण येऊन ठेपलं तरी बाबांचा पाय ब्रेकवर जायचा नाही. मागच्या महिन्यात एक सायकलवाली बाई वीतभर अंतराने वाचली. बाबांनी गाडी तशीच पुढे नेली. घरी पोचल्यावर "आज मजा आली, बाबा," असं ती हसून म्हणाली. त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

गाडी सोडा, हे बापाला सांगायला तिची जीभ रेटेना. आई गेल्यापासून हा माणूस आठवड्याचे सहा दिवस नुसते ढकलतो आणि सातव्या दिवशी जगतो, अशी तिची खात्री होती. तो सातवा दिवस आपल्या तोंडाने कसा काढून घ्यायचा?

म्हणून सोमवारी संध्याकाळी ती एकटीच या दुकानात आली होती. बाबा टायर घेत ते तीस वर्षं याच एका माणसाकडून, आणि त्याच्या शब्दापुढे त्यांना दुसरा शब्द नसे. तिने त्याला गळ घातली. बाबा आले की मागच्या चाकांचं माप आता निघत नाही, असं सांगा. मागचे नाहीत म्हटल्यावर गाडी आपोआप उभी राहील आणि कुणालाच कुणाचं मन मोडावं लागणार नाही.

टायरवाल्याने फडक्याला हात पुसले. "जोडी आतच आहे, ताई."

"माहीत आहे. म्हणून तर आले."

"बरं," तो म्हणाला. "सांगतो."

गिऱ्हाइकाला खोटं सांगण्यापेक्षा गिऱ्हाईक घालवणारा, अशी त्याची ख्याती. तो आढेवेढे घेईल, उपदेश करील, म्हणून ती तयारीनिशी आली होती. इतक्या चटकन कबूल झाला याचं तिला नवलच वाटलं.

आणि आज शनिवार. टायरवाला गुडघ्यांवर हात टेकून उठला. "पुढचे दोन प्रकारांत आहेत. एक मऊ रबराचा, पकड चांगली, पण लवकर झिजतो. दुसरा टणक, टिकेल भरपूर."

"मऊ," बाबा म्हणाले. "टिकवून काय करायचंय? आणि मागचे?"

"मागचे नाहीत. ते माप बंद झालं."

"कायमचं?"

"कायमचं."

"एक नंबर रुंद घातला तर?"

"आतून घासेल."

"अरुंद?"

"पकड जाईल. तुम्हालाच पटणार नाही, साहेब."

"नाही पटणार," बाबा म्हणाले.

सवाल-जवाब असे ओळीने झाले की मुलीला टायरवाल्याचं कौतुक वाटलं. पठ्ठ्या पाठ करून आला होता.

बाबांनी गाडीच्या टपावर हात ठेवला. "चला, म्हणजे संपलं," ते म्हणाले आणि तिच्याकडे वळले. "तुला वाईट वाटेल."

"मला कशाला वाटेल, बाबा?"

पण हवं होतं तेच घडलं होतं, आणि ते तिला बघवेना. बाबा एकदम म्हातारे दिसायला लागले होते. चुलीत गेला तो बेत, असं तिला वाटलं. शेजारी बसू आपण, होईल ते होईल.

"अहो, आत एकदा बघा ना," ती टायरवाल्याला म्हणाली. "एखादी जोडी राहिली असेल." आणि बाबांच्या नकळत तिने त्याला डोळ्यांनी खुणावलं, की द्या काढून.

टायरवाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं. बाबा भिंतीवरची ऑइलची जाहिरात मन लावून वाचत होते.

"नाही, ताई. सगळं बघून झालंय."

"नीट बघा. मी सांगतेय ना."

"नाही."

"आग्रह नको करूस," बाबा पाठमोरेच म्हणाले. "नाही म्हणजे नाही." आणि हळूहळू पायऱ्या उतरून ते रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.

ते लांब गेल्याची खात्री करून ती टायरवाल्यावर उखडली. "मीच तुम्हाला नाही म्हणायला सांगितलं होतं आणि आता मीच काढा म्हणतेय. कळत होतं ना तुम्हाला? मग ती जोडी द्यायला काय झालं होतं?"

टायरवाल्याने आवाज खाली आणला. "तुम्ही मला मोकळं केलंत, ताई, पण त्यांनी कुठं केलं? सोमवारी सकाळी मी शटर उघडायच्या आधीच साहेब या पायरीवर येऊन बसले होते. म्हणाले, मला आता चालवायची भीती वाटते रे, पण पोरीचा रविवार माझ्याच्याने मोडवत नाही. माप बंद झालं, असं तूच सांग तिला."