डायमेट्रोडॉनचा अपमान

अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता. उभं आयुष्य संग्रहालयात हाडं जुळवण्यात घालवलेला माणूस नुसता छताकडे बघत पडून असायचा. "त्यांना बोलतं करा," डॉक्टर म्हणाले, म्हणून लेकीने त्यांच्या टेबलावरचा प्लास्टरचा डायमेट्रोडॉन आणला. पाठीवर शीड उभारलेलं ते दाताळ जनावर त्यांच्यासमोर धरून ती म्हणाली, "बघा बाबा, तुमचा लाडका डायनासोर!" त्याला डायनासोर म्हणणं ही घरात शिवीच होती, याच शब्दापायी त्यांनी जावयाशी वर्षभर अबोला धरला होता. बाबांच्या कपाळाला आठी पडली. ओठ थरथरले. "डायनासोर... नाही!" शब्द बोबडे, राग मात्र खणखणीत. "त्यांच्या आधीचा... आपल्या... भाऊबंदांतला! अक्कल आहे का?" इतकी गोड बोलणी तिने जन्मात खाल्ली नव्हती. डोळे पुसत तिने खुर्ची जवळ ओढली आणि साळसूदपणे विचारलं, "मग सरडा म्हणू का, बाबा?"