मागं आलेलं कापड

कापड मागं ओढलं की मीटरवरचा आकडा खाली उतरत होता, आणि धर्मेंद्रशेठला नेमकं तेच खपत नव्हतं.

नांदगाव पेठेतल्या त्याच्या कारखान्यात शाळेच्या गणवेशाचं कापड तपासून थानं बांधत. डाग दिसला की कापड मागं घ्यायचं, बघायचं, पुन्हा पुढं सोडायचं. जुनं मीटर मागं-पुढं दोन्ही मोजून आकडा फुगवत न्यायचं. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या दीपमालानं आज बसवलेलं तसं नव्हतं. मोजचाक फिरलं की ठोके देणाऱ्या एन्कोडरच्या दोन तारा तिनं चिपच्या टायमरला जोडल्या होत्या. कोणत्या तारेवर ठोका आधी आला, यावरून कापड पुढं चाललं की मागं हे टायमरच ओळखायचा, आणि मागं आलेलं वजा करायचा.

म्हणजे आजवरच्या थानांवरचे आकडे खोटे होते. हे मशीनसमोरच तिच्या ध्यानात आलं. तिची आई सुभद्रा मूर्तिजापूरच्या बचत गटात याच कापडाचे गणवेश शिवायची. थानावरच्या आकड्यापेक्षा कापड कमी भरलं की शेठ गटातल्या बायांना चोर म्हणायचा. एकदा तर गणवेश पोचवायला आल्यावर कारखान्याच्या फाटकापाशी त्यांच्या पिशव्या उलट्या करून पाहिल्या होत्या.

शेठनं खर्रा या गालातून त्या गालात सारला. "पोरी, जुन्यावानी करून दे. मांगं आलं तरी आकडा वाढला पायजे."

"थे मोजनं नोहे शेठ. थे चोरी होय."

शेठ हसला. बायांच्या पदराखाली काय काय जातं ते आपल्याला ठाऊक आहे, म्हणाला. मग उठला आणि त्यानं स्वतःच एक तार उपटली. एकच तार राहिली तर कायचं मागं अन् कायचं पुढं, असं त्याचं गणित.

मशीन चालू झाली. कापड सरसर सरकलं. मीटरचा शेवटचा आकडा तेवढा फडफडला, शून्य, एक, शून्य, एक. एका तारेवरचे ठोके टायमर एकदा पुढं, एकदा मागं मोजत होता. अख्खं थान गुंडाळून झालं तरी तो आकडा पुढं गेला नाही.

"म्हंजे प्रोग्रामच बदलावा लागते," शेठ म्हणाला.

"मी नाही बदलत."

शेठनं तिला शिकवणाऱ्या आणि इथं पाठवणाऱ्या चंद्रभान सरांना फोन लावला, स्पीकरवर. सरांनी कशासाठी ते विचारलंही नाही. दोन ओळींचं काम आहे, उद्या येतो, पोरगी नवी आहे, मनावर घेऊ नका, म्हणाले. याच सरांनी भर वर्गात तिचा प्रोजेक्ट दाखवला होता, मागं आलेलं वजा करतो म्हणून.

शेठनं कोपऱ्यात पिचकारी मारली. कोणी थुंकू नये म्हणून तिथं देवाची फरशी बसवली होती. ओघळ देवाच्या पायावरून खाली आला. शेठनं हात जोडल्यासारखं केलं.

दीपमाला बाहेर आली. फाटकाशी मूर्तिजापूरचा टेम्पो भरत होता. तिनं फोन लावला.

"आई, थान आलं की कात्री लावाच्या आंदी मोज. टेम्पोवाल्यासमोर मोज."

"काहून वं? मी त साऱ्या बायांले सांगतलं, आता तिथं माह्या पोरीची मशीन हाय. आता मोजाचं काम नाही."

"मोज," दीपमाला म्हणाली.