सरांचा आवाज

सरांनी बटण पुन्हा दाबलं. पडद्यावर पुन्हा तेच: या संगणकासाठीची सेवा बंद करण्यात आली आहे. झालं! कंपनीने एका ओळीत हात झटकले आणि गणिताच्या सरांची वाचा दुसऱ्यांदा गेली.

पहिल्यांदा गेली ती घशाच्या ऑपरेशनात. तेव्हापासून सर टाइप करायचे आणि टेबलावरचा हा जुना संगणक बोलायचा. आता त्यातला बोलणारा प्रोग्रॅम उघडेना, नवा त्यावर चालेना, आणि दुसरा संगणक पुढच्या वर्षाशिवाय मिळणार नव्हता. मुख्याध्यापिका बाई सकाळीच सांगून गेल्या होत्या, "आजचा तास बघते, सर. नाही जमलं तर उद्यापासून ऑफिसात बसा. माझाही नाइलाज आहे हो."

पण माणूस मोठा जिद्दीचा. सरांनी खडू उचलला, फळ्यावर त्रिकोण काढला आणि खाली लिहिलं, 'तिन्ही कोनांची बेरीज किती?' सरांची पाठ फिरल्यावर पोरं कसली गप्प बसताहेत! त्यांनी वर्ग डोक्यावर घेतला. सरांनी डस्टर आपटलं. तेही कुणाला ऐकू गेलं नाही.

तेवढ्यात एक आवाज आला. सपाट, शब्दाशब्दाला थांबणारा, थेट त्या संगणकाचा.

"तिन्ही. कोनांची. बेरीज. किती."

वर्ग चिडीचूप. सर गर्रकन वळले. दुसऱ्या बाकापाशी एक मुलगी उभी होती, टकळी. तोंड सतत चालू, म्हणून सगळा वर्ग तिला याच नावाने हाक मारायचा. सरांच्या माघारी रोज मधल्या सुट्टीत ती हीच नक्कल करून सगळ्यांना हसवायची.

"सॉरी, सर," ती रडकुंडीला आली. "तोंडातून निघून गेलं."

सर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. हसत होते ते! आवाज नाही, पण डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यांनी तिला फळ्यापाशी बोलावलं आणि पुढचा प्रश्न लिहिला. तिने वाचला. भराभर हात वर झाले. सर लिहिताहेत, पोरगी वाचतेय, वर्ग उत्तरं देतोय. असा रंगला तास की विचारू नका.

दार उघडलं. मुख्याध्यापिका बाई! टकळीची बोबडीच वळली.

सरांनी शांतपणे फळ्यावर एक ओळ लिहिली. शेवटी मागच्या बाकावरून कुणीतरी सुरुवात केली आणि सगळा वर्ग त्याच सपाट आवाजात म्हणाला,

"बाई. तास. चालू. आहे."

बाईंनी दार बाहेरून हळूच ओढून घेतलं.