कात्रीची आंघोळ

रोग तपासायच्या पट्टीवर एक रेघ उठली तर आत्याचा बटाटा बियाण्याला जाणार होता. दोन उठल्या तर अख्खं शेत उपटावं लागणार होतं. पण आत्या निर्धास्त होती. महिन्याभरापूर्वी तिने स्वतःच अशा पट्ट्या आणल्या होत्या. खिशातल्या कात्रीने पान कापून पाहिलेलं बांधालगतचं पहिलंच झाड रोगट निघालं, ते तिने उपटून जाळलं आणि मग त्याच कात्रीने रांगेरांगेतली पानं कापून तपासली. सगळीकडे एकच रेघ.

आज तपासणीच्या बाई मात्र एक पान कापायच्या, की कात्री औषधाच्या पाण्यात बुडवायच्या.

"किती आंघोळी घालता हो तिला? सर्दी होईल," आत्या हसली.

"घालाव्या लागतात. हा रोग पानाच्या रसातून पसरतो. रोगट पान कापलेली कात्री दुसऱ्या झाडाला लागली, की तेही गेलंच."

आत्याचं हसू ओठांवरच विरलं. पहिल्या रांगेच्या पट्टीवर दोन रेघा उठल्या. मग दुसरीच्या. मग तिसरीच्या.

"ताई, सगळ्या रांगांत एकदम कसा काय शिरला हा?" बाईंनी आत्याला विचारलं.



आत्याच्या खिशातली कात्री महिन्याभरात एकदाही ओली झाली नव्हती.