जमेल तर चिमटा द्याल?

सर्जनसाहेब ऑपरेशन थिएटरात कायम खेकसायचे आणि सिस्टरचा हात त्या खेकसण्यावरच चालायचा. परवा व्यवस्थापनाने त्यांना नेतृत्वाच्या शिबिराला धाडलं. आज टेबलावरच्या बाईच्या पोटात रक्तवाहिनी फुटली तेव्हा ती बोटाने दाबून साहेब मधाळपणे म्हणाले, "सिस्टर, जमेल तर चिमटा द्याल?" सिस्टर चिमटा धरून तशीच थांबली. जमेल तर म्हणजे? टोमणा की परीक्षा? "बीपी पडतंय," भूलतज्ज्ञ म्हणाली. साहेब सिस्टरकडे बघून आणखीच विरघळले. "घाबरू नका ताई, तुमचं मत मोलाचं आहे." सिस्टरची बोटं पार थिजली. "साहेब, पाया पडते, शिवी द्या." साहेब भांबावले, मग सवयीने गरजले, "गाढवे, आण तो चिमटा." चिमटा पटकन त्यांच्या तळहातावर पडला. रक्त थांबलं, बाई वाचली. "थँक यू, साहेब," सिस्टरच्या तोंडून निघालं. आभार नेमके कशाचे मानले, हे तिलाच उमगेना.